दत्तक मुलाची झोप: खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

दत्तक घेतलेलं मूल रात्री झोपत नसेल, तर पहिला खर्च एका कापसाच्या गादीवर करा. दीड-दोन हजारांत साधी एकेरी गादी मिळते. ती तुमच्या पलंगाला लागून जमिनीवर अंथरा. शिशुगृहात हे मूल बऱ्याच मुलांसोबत एका खोलीत झोपत आलेलं असतं. झिरोचा दिवा, कुणाचं खोकणं, मावशींची ये-जा, हीच त्याच्यासाठी रात्र. त्याला हौसेनं सजवलेल्या खोलीत एकटं ठेवलं तर ती शांतताच त्याला जागं ठेवते. म्हणून बंकबेडसाठी काढलेले पैसे पहिलं वर्षभर तसेच राहू द्या.

मूल घरी आणताना एक गोष्ट फुकट मिळते आणि आईवडील ती घ्यायला विसरतात. संस्थेने मुलाच्या आठवणींचा अल्बम, त्याच्या आवडीनिवडींची माहिती आणि वैद्यकीय इतिहास द्यावा, असं दत्तक नियमावली सांगते. तेव्हाच विचारून घ्या: किती वाजता झोपतो, कुणी थोपटायचं, रात्री दूध लागायचं का? त्याची वापरातली चादर किंवा झबलं मागा आणि काही आठवडे धुऊ नका. तो वास त्याच्या ओळखीचा असतो.

मुलाला रडत एकटं ठेवून ‘झोपेची शिस्त’ लावायला शिकवणारी पॅकेजेस ऑनलाइन विकली जातात. दत्तक मुलासाठी ती घेऊ नयेत, असं मी आग्रहाने सांगेन. ज्याची माणसं एकदा सुटली आहेत, त्याच्यासाठी डोळे मिटणं म्हणजे पहारा सोडणं असतं. हाक मारली की कुणीतरी येतं, हे त्याला शेकडो रात्री अनुभवू द्यावं लागतं. उपासमार पाहिलेल्या मुलाच्या उशाशी पाणी आणि केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू ठेवा. खायला आहे हे नुसतं दिसलं तरी काही मुलं शांत होतात.

पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका घरी येतात. या पाठपुराव्याचे पैसे तुम्ही भरलेले असतात, तरी बहुतेक घरांत त्या दिवशी ‘सगळं छान चाललंय’ एवढंच सांगितलं जातं. आपण कमी पडतोय असं वाटेल, मूल परत नेतील, ही भीती असते. पण झोपेच्या तक्रारीसाठी कुणी मूल नेत नाही. उलट, मुलाला रुळायला अडचण येत असेल तर समुपदेशनाची सोय करणं किंवा ती जिथे असेल तिथे जोडून देणं, ही संस्थेची आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाची जबाबदारी आहे. ती सोय हक्काने मागा.

मग बालरोगतज्ज्ञ. मूल घोरतं का, तोंडाने श्वास घेतं का, झोपेत पाय झाडतं का, हे सांगा. शरीरातला लोहाचा साठा कमी असला तरी पाय अस्वस्थ राहतात. त्यासाठीची फेरिटिन तपासणी खासगी लॅबमध्ये साधारण पाचशे ते हजार रुपयांत होते. रात्रभराचा झोपेचा अभ्यास आठ ते वीस हजारांपर्यंत जातो. झोपेत श्वास अडकत असल्याची शंका डॉक्टरांना असेल तरच तो करावा. मेलाटोनिनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने आणू नका.

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या विकासविषयक अडचणींसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रंही आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येतं.

खासगी समुपदेशक मुंबई-पुण्यात एका सत्राचे साधारण आठशे ते अडीच हजार घेतात आणि सत्रं आठ-दहा तरी होतात. पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. दत्तक मुलांसोबत काम केलंय का? आणि आईवडील सत्रात असतील का? लहान मुलाच्या बाबतीत ‘तुम्ही बाहेर बसा’ असं उत्तर आलं, तर दुसरं दार ठोठावा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलं, पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात. ओपीडीचं कलम वाचून घ्या.

किशोरवयात चित्र वेगळं होतं. वयानुसार झोपेची वेळच पुढे सरकते, पण गरज आठ ते दहा तासांची राहते. त्यामुळे रात्री बारापर्यंत जागणारा प्रत्येक मुलगा दुःखी नसतो. मात्र ‘मला का सोडलं’ हा प्रश्नही याच वयात, रात्रीच वर येतो. फोन काढून घेऊन तो जात नाही. दत्तक असल्याचं मुलाला नातेवाइकाच्या तोंडून कळलं असेल, तर गोळीआधी तुमचं बोलणं हवं. आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अठराव्या वर्षानंतर स्वतंत्रपणे आणि त्याआधी पालकांसह अर्ज करता येतो, हेही त्याला सांगा. जगण्यावरच रुसल्याची भाषा ऐकू आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

कुठल्याही पहिल्या भेटीआधी दोन आठवडे वहीत लिहा: कधी झोपला, किती वेळा उठला, काय म्हणाला, कशाने शांत झाला. अशी वही समोर ठेवली की डॉक्टरांना ‘आधी नोंद ठेवून पुन्हा या’ म्हणावं लागत नाही आणि एका भेटीची फी वाचते.