खिशातला हात बाहेर काढ

अरे, खिशात हात घालून हिंडणं आता पुरे. लग्नकार्यात तू उजवा हात खिशात कोंबून उभा असतोस, चहा पुढे आला की "नुकताच झाला" म्हणतोस आणि कुणी विचारलंच तर "खांदा धरलाय" सांगून वेळ मारून नेतोस. खांदा खरंच धरतो, ते मला माहीत आहे. कितीजण त्यापायी आधी हाडांच्या डॉक्टरांकडे महिनोन् महिने घालवतात. पण तुला आता निदान मिळालंय, गोळ्या सुरू झाल्यात. या वाटेवर मी तुझ्या बरीच पुढे आहे, म्हणून थोरल्या बहिणीच्या हक्काने चार गोष्टी सांगते. ज्या डॉक्टरांनी सांगायच्या त्या त्यांनाच विचार. या घरातल्या, रस्त्यावरच्या आणि आपल्या माणसांतल्या आहेत.

आधी सांगून टाक

ताण आला की कंप वाढतो. लपवायचा म्हणजे ताण आलाच, म्हणजे हात आणखी हलणार, म्हणजे आणखी लपवावंसं वाटणार. या चक्रात जी ताकद जाते ती व्यायामाला लाव. एक वाक्य तोंडपाठ करून ठेव: "मला पार्किन्सन्स आहे, जरा वेळ लागेल." रिक्षावाला, वॉचमन, वाणी, ऑफिसातला साहेब, सगळ्यांना तेच वाक्य. बहुतेक लोक थांबतात. न सांगितलंस तर ते आपापला अर्थ लावतात. चेहऱ्याचे स्नायू ताठर झाले की "हल्ली फार घुम्या झालाय" म्हणतात, आणि चाल अडखळली, शब्द ओढले गेले की "घेतलेली दिसते" म्हणतात.

नातेवाइकांना एवढंच सांग: मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, म्हणून हालचाली मंदावतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ मध्ये याचं वर्णन केलं. हा संसर्गाने पसरत नाही आणि बहुतेकांच्या बाबतीत तो वडिलोपार्जितही नसतो. सगळ्यांचे हात थरथरतात असंही नाही. दोन माणसांचा पार्किन्सन्स सारखा नसतो, तेव्हा कुणाच्या मावसकाकांचं कसं झालं ते ऐकून आपलं भविष्य ठरवू नकोस.

गोळी घड्याळावर, जेवण गोळीवर

लेव्होडोपाची गोळी वेळेवर म्हणजे वेळेवरच. "आठच्या सुमारास" चालत नाही. मोबाइलवर गजर लाव. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यावी, पाण्याबरोबर. दुधाबरोबर नको, कारण दूध, डाळ, पनीर, अंडी, मासे यांतली प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच वाटेने आत जातात आणि गर्दीत गोळी मागे राहते. म्हणून प्रथिनं सोडायची नाहीत, फक्त वेळ सांभाळायची. काहींना डाळी-उसळी रात्रीच्या जेवणात घेऊन दिवस बरा जातो; तुझ्या डॉक्टरांना विचारून बघ. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत अंतर ठेव. पोट साफ नसेल तर गोळीचा परिणामही रेंगाळतो. पाणी, पपई, पालेभाज्या, लागलंच तर इसबगोल, यांत कुचराई करू नकोस.

एक वही कर. गोळी किती वाजता, किती वेळाने अंग सुटलं, किती वाजता पुन्हा जखडलं. आम्ही त्याला 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणतो. डॉक्टरांसमोर दहा मिनिटांत "बरं आहे" म्हणण्यापेक्षा ही वही पुढे केलीस तर औषध नीट बसवता येतं.

कुणीतरी खाजकुयलीचं चूर्ण सुचवेलच. त्या बियांत खरोखर लेव्होडोपा असतं, आणि म्हणूनच गोळ्यांच्या जोडीला ते आपल्या मनाने घ्यायचं नाही. डोस नकळत वाढतो. गोळ्या स्वतःहून एकदम बंदही करायच्या नाहीत, त्याने माणूस गंभीर आजारी पडू शकतो.

ही चार नावं कागदावर लिहून पाकिटात ठेव: मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन. उलटी, चक्कर किंवा अर्धशिशीसाठी ही औषधं सर्रास दिली जातात आणि आपला आजार त्यांनी बळावतो. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलास की कागद आधी दाखव. हॉस्पिटलात राहायची वेळ आली तर आपल्या गोळ्यांच्या वेळा नर्सला लिहून दे. वॉर्डाची औषधाची वेळ आपल्यासाठी उपयोगाची नसते.

आणि एक लाजेची गोष्ट, जी कुणी सांगत नाही. काही गोळ्यांनी, विशेषतः प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोलने, माणसाला रमीचा, खरेदीचा, खाण्याचा अनावर नाद लागू शकतो. तसं वाटलं तर तो स्वभावदोष समजून गप्प बसू नकोस. डॉक्टरांना सांग, डोस बदलता येतो. झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं, नसलेली माणसं दिसणं, हेही सांगण्याचेच विषय आहेत.

पाय खिळले तर

दारात, लिफ्टपाशी, गर्दीत पाय जमिनीला चिकटतील. घाबरून पुढे झेपावायचं नाही, त्यानेच पडायला होतं. थांब. ताठ हो. वजन डावीकडे, उजवीकडे घे. मग मोठं पाऊल उचल. समोर फरशीची रेघ असेल तर ती ओलांडायची असं मनात धर. रेघ नसेल तर सोबतच्या माणसाने आपलं पाऊल तुझ्या पुढ्यात आडवं ठेवायचं आणि तू ते ओलांडायचंस. हाताला धरून ओढायचं नाही, हे घरच्यांना आजच सांग. आमच्या घरात दाराशी रंगीत चिकटपट्ट्या लावल्यात, पाहुणे विचारतात, मी सांगते.

ताल हे दुसरं औषध. वारीत पावली खेळताना बघितलंस ना, पाय टाळाच्या मागे जातात. मी 'ज्ञानोबा-तुकाराम' मनात म्हणत चालते, तुला 'एक-दोन' जमत असेल तर तसं. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घे. चालताना फोन नको, पिशवी दोन्ही हातांत नको, महत्त्वाचं बोलायचं तर उभं राहून बोल. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एक रुग्ण दाखवला: चार पावलं धड चालता येत नव्हती, पण सायकल झोकात चालवत होता. आपण आपल्या रस्त्यांवर ते धाडस करू नये, घरातली व्यायामाची सायकल पुरे. व्यायाम मात्र रोज, आणि गोळी चढलेली असताना.

घर जरा हलव

पायपुसणी, सतरंज्या, लोंबत्या वायरी आधी उचल. संडास-बाथरूममध्ये भिंतीला दांडे बसव आणि रात्रीसाठी छोटा दिवा ठेव. मऊ, खोल सोफ्यावर बसू नकोस, हातांची उंच खुर्ची घे. उठताना आधी कडेला सरक, पावलं मागे घे, पुढे झुक, मग उठ. सकाळी अंथरुणातून एकदम उभा राहू नकोस. रक्तदाब झटकन उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून पलंगाच्या कडेला थोडं बसून मग उठ.

अंगठ्याच्या चपला सोड, मागे पट्टा असलेल्या घे. नाडीऐवजी इलॅस्टिक, बारीक बटणांऐवजी वेलक्रो. माझ्या ब्लाउजचे हुक मी कधीच बदलून घेतले. उभ्या काठाचं ताट, जाड दांड्याचा चमचा आणि अर्धाच भरलेला पेला, एवढ्याने जेवण सुखाचं होतं. ताठ बसून, हनुवटी किंचित खाली ठेवून, छोटे घास घे. चुरमुरे, चिवडा, फरसाण असले कोरडे, सुटे पदार्थ घशात अडकतात. जेवताना ठसका वारंवार लागायला लागला तर वाणी-गिळण्याच्या तज्ज्ञांना दाखव, ते काम पुढे ढकलायचं नाही.

आवाज आणि सही

आपल्याला वाटतं आपण नेहमीसारखं बोलतोय, पण समोरच्याला कुजबुज ऐकू येते. रोज सकाळी वर्तमानपत्राचे मथळे खणखणीत वाच, पलीकडच्या खोलीत ऐकू जातील असे. ओंकार धर, गाणं म्हण, बेसूर असलास तरी. अक्षर बारीक होत जातं. त्यासाठी पहिलीतली दुरेघी वही आण आणि दोन्ही रेघांना अक्षर टेकव.

बँकेतली सही जुळेनाशी होण्याआधी शाखेत जा, नवा नमुना दे, खातं बायकोसोबत संयुक्त कर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत पार्किन्सन्स आहे. पुढे त्रास वाढला तर प्रमाणपत्र काढायला संकोचू नकोस.

तुझ्या बायकोसाठी

तिला वाच म्हणावं. सगळं तूच करून देऊ नकोस, बटणं लावायला त्याला दहा मिनिटं लागली तरी लागू देत. तो 'ऑफ' असताना "मघाशी तर चालत होतास" म्हणू नकोस, ते नाटक नसतं. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ तुझी. मैत्रिणीकडे जा, भिशीला जा, नुसती झोप काढ. तोवर मुलगा किंवा शेजारी बसेल. तुझ्या तब्येतीवर या घराचा निम्मा भार आहे.

आपली माणसं शोध

हे सगळं मला कुठल्या एका पुस्तकात मिळालं नाही. मिळालं ते सभांमध्ये, चहाच्या वेळी, कुणाच्या तरी बायकोकडून. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, आणि दोघांनाही सारखंच बोलावतात. मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करते आहे. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्येच पार्किन्सन्सवाल्यांसाठी नाचाचे वर्ग सुरू केले, आणि आपल्या पुण्यात नृत्यकार हृषीकेश पवार यांनी असे वर्ग घेतले. चालता न येणारी माणसं तालावर पावलं टाकतात, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही.

पहिल्यांदा जाताना भीती वाटेल, आपल्यापेक्षा पुढच्या टप्प्यातली माणसं दिसतील म्हणून. दिसतील. त्यातलाच एखादा तुला सांगेल की कूस बदलायला रात्री गुळगुळीत कापडाची चादर बरी पडते, किंवा लांबच्या प्रवासात गोळ्या कशा बसवायच्या. वर्षभराने तूही कुणा नव्याला असंच काही सांगशील, आणि त्या दिवशी स्वतःला रुग्ण म्हणण्याआधी जरा विचार करशील. गावात असं मंडळ नसेल त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये शेजाऱ्याशी बोलायला सुरुवात करावी, दोन घरं जमली की मंडळ झालं. जेम्स पार्किन्सनचा वाढदिवस, ११ एप्रिल, जगभर आपला दिवस म्हणून पाळतात. पहिली बैठक बोलवायला तो मुहूर्त चांगला आहे.

पुढच्या सभेला तुम्ही दोघं या. लवकर या आणि पुढच्या रांगेत बसा, कारण तिथे बोलणाऱ्या निम्म्या जणांचा आवाज आपल्यासारखाच बारीक असतो.