चांदी जखमेवर, पोटात नव्हे!

माझा दवाखाना लालबागला आहे. मागील महिन्यात जवळच्या चाळीतील एक आजी बाटली घेऊन आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, नातवानं चांदीचं पाणी आणलंय. रोज दोन चमचे घेतलं की सर्दी-खोकला होत नाही म्हणे. बुरशीपासून करतात, रसायन नाही. घेऊ का?"

आजींची अर्धी माहिती खरी होती. बुरशीकडून धातूचे अतिसूक्ष्म कण करून घेता येतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री, अबसार अहमद व सहकाऱ्यांनी चांदीवरील असे संशोधन २००३ साली प्रसिद्ध केले. त्यांची बुरशी होती फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम. हरभऱ्यावर मर रोग आणणारी बुरशीही याच जातीची, म्हणजे शेतकऱ्याची वैरीण!

ही बुरशी वाढवून, धुऊन सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणात ठेवतात. तिच्यातून पाझरणारी विकरे विरघळलेल्या चांदीचे पुन्हा धातूत रूपांतर करतात. दोन-तीन दिवसांत द्रावण तपकिरी झाले, की कण तयार झाले असे समजावे. कणांचा आकार ५ ते १५ नॅनोमीटर असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. बुरशीचीच प्रथिने कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात. रासायनिक पद्धतीत लागणारी सोडियम बोरोहायड्राइडसारखी विषारी द्रव्ये येथे टळतात.

चांदी जंतूंना मारते, हेही खरे. भाजलेल्या जखमेवरचे सिल्व्हर सल्फाडायझीन मलम १९६८ पासून वापरात आहे.

मग चूक कोठे? पद्धत पर्यावरणाला पोषक असली, तरी तयार होते ती चांदीच, आणि शरीराला चांदीची गरज नाही. ती दीर्घकाळ पोटात गेल्यास त्वचेत साठते व त्वचा निळसर-करडी होते. यास अर्जिरिया म्हणतात. हा रंग सहसा जात नाही. शिवाय थायरॉईडच्या गोळ्या व काही प्रतिजैविके नीट शोषली जात नाहीत. आजींना थायरॉईडची गोळी चालूच होती! अशी चांदी सुरक्षित व गुणकारी मानता येत नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ सालीच जाहीर केले आहे.

आजींनी बाटली माझ्या टेबलावरच ठेवली. वाचकहो, आपणही लक्षात ठेवा :

१. चांदीचे पाणी औषध म्हणून पिऊ नका.

२. भाजल्यास प्रथम २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावा.

३. 'नैसर्गिक' शब्द वाचून थांबू नका. आत काय आहे, ते विचारा.