चॉकलेटनं पोट उतरतं का?

प्रश्न : डॉक्टर, वय ३८. दोन बाळंतपणांनंतर पोट सुटलंय. कोकोनं चरबी झडते असं मोबाइलवर ऐकलं. रोज चॉकलेट खाऊ का?
– एक भगिनी, शिरूर अनंतपाळ

उत्तर : ताई, चॉकलेट नको. पण तुम्ही ऐकलंत ते अगदीच खोटंही नाही.

कोकोच्या बियांत फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्यं असतात. कोकोचा कडू-तुरटपणा बराचसा त्यांचाच. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठानं २०२१ मध्ये लठ्ठ उंदरांना चरबीयुक्त खुराकासोबत कोको पावडर दिली. वजन वाढण्याचा वेग २१ टक्क्यांनी मंदावला, यकृतातली चरबीही घटली. पण हे झालं उंदरांचं. माणसाच्या हिशेबानं तेवढी मात्रा म्हणजे रोज सुमारे दहा मोठे चमचे पावडर!

दुकानातल्या दुधाळ चॉकलेटात हा तुरटपणा फारसा उरत नाही. ५० ग्रॅमच्या दुधाळ वडीत जवळपास निम्मी साखर आणि अडीचशेहून जास्त कॅलरी. कोको आवडत असेल तर बिनसाखरेची पावडर चमचाभर कोमट दुधात घ्या. मुतखडा किंवा पित्ताचा त्रास असेल तर तीही टाळा.

तुरटपणा आपल्या घरातही आहे. भाजलेल्या शेंगदाण्यांची लाल साल आपण चोळून, सुपात पाखडून उडवतो. तिच्यात कोकोच्याच कुळातली द्रव्यं असतात. कूट सालीसकट करा, पण दाणे मूठभरच. तेल त्यांतही भरपूर.

आता खरं काम. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले एक सहकारी यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३ होता. पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, तर सहकाऱ्याची ९.१ टक्के. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. आपण अंगानं बारीक दिसतो आणि चरबी पोटात साठवतो. म्हणून काट्यापेक्षा कंबर मोजा. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्या, दुमडून निम्मी करा. ती श्वास न ओढता कमरेभोवती पुरली पाहिजे. टेपनं मोजलं तर बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषाची ९० च्या आत हवी.

सुतळी पुरली नाही, तर चहातली साखर आजपासून निम्मी करा, रात्री ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी लवकर जेवा, रोज अर्धा तास झपझप चाला. तिशीपुढच्यांची साखर आणि रक्तदाब आरोग्य उपकेंद्रात मोफत तपासतात. ताई, या आठवड्यात जाऊन या, घरधन्यालाही सोबत न्या.