खोक्यावर 'फोर के', पण पडदा किती ठिपक्यांचा?

सख्यांनो, आषाढी जवळ आली की पंढरपुरात घरोघरी पाहुणे. महापूजा मोठ्या टीव्हीवर बघू म्हणून गटातून अंतर्गत कर्ज काढायचं कित्येकींच्या मनात येतं. हप्ता तुम्हीच फेडणार, मग खोक्यावरचं पण तुम्हीच वाचा.

टीव्हीचं चित्र ठिपक्यांच्या रांगोळीसारखं असतं. ठिपके जास्त, तितकं चित्र रेखीव. 'एचडी रेडी' म्हणजे बहुधा १३६६ × ७६८, साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके. 'फुल एचडी' १९२० × १०८०, वीस लाखांवर. 'फोर के' ३८४० × २१६०, जवळपास ८३ लाख.

गोम पुढंच आहे. 'फोर के सपोर्ट' म्हणजे टीव्ही तसलं चित्र आत घेतो एवढंच. पडदा एचडी रेडीचाच असू शकतो. 'अपस्केलिंग' म्हणजे नसलेले ठिपके टीव्ही अंदाजानं भरतो. फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या साध्या, ७२० × ५७६ च्या. त्या फोर के पडद्यावर लावल्या तर दर खऱ्या ठिपक्यामागे एकोणीस अंदाजाचे! चित्र जरा गुळगुळीत दिसतं, पण ताकात पाणी घातल्यानं लोणी वाढत नाही.

दुकानात मोर-फुलांचा व्हिडिओ लावलेला असतो. त्याला भुलू नका, रोजची वाहिनी लावायला सांगा. "पॅनेलचं रिझोल्यूशन किती?" असं विचारा अन् तो आकडा बिलावर लिहून घ्या. लहान खोलीत फ्री डिशच बघायची असेल, तर ३२ इंची एचडी रेडी पुरतो. उरलेल्या पैशात कर्ज दोन हप्ते आधी फिटेल.