ओढ्याची गोष्ट शेतात सुरू होते

तुमच्या घराजवळ एखादा ओढा आहे का? ओढा म्हणजे लहानशी नदी, तुमच्याकडची ‘क्रीक’. पाऊस थांबून पंधरा दिवस झाले, तरी ओढ्यात पाणी असतं. ते कुठून येतं? जमिनीतून! शेतात मुरलेलं पाणी हळूहळू झिरपत ओढ्यापर्यंत पोचतं. म्हणून शेत कसं नांगरलं, यावर ओढ्याचं वाहणं अवलंबून असतं.

विस्कॉन्सिन राज्यात कून क्रीक नावाचा ओढा आहे. आजूबाजूला सगळे डोंगरउतार. शंभर वर्षांपूर्वी तिथले शेतकरी उतारावर वर-खाली नांगरायचे आणि चढावर गुरं चारायचे. नांगराचं प्रत्येक तास म्हणजे पाण्याची घसरगुंडीच! पाऊस पडला की पाणी मुरायच्या आत धावत सुटायचं. सोबत माती जायची. खाली पूर यायचा, आणि पावसानंतर झरे आटायचे.

१९३३ साली सरकारने पाणलोट वाचवण्याचा देशातला पहिला प्रयोग इथेच सुरू केला. शेकडो शेतकरी त्यात सामील झाले. ते उताराला आडवं नांगरू लागले. मक्याचा एक पट्टा, शेजारी गवताचा एक पट्टा, अशी पिकं घेऊ लागले. चढावरच्या झाडीला त्यांनी कुंपण घातलं. आता प्रत्येक तास पाण्याला म्हणत होतं, ‘जरा थांब!’

फरक एका दिवसात दिसला नाही. पण काही दशकांत ओढ्यात येणारी माती खूप कमी झाली. झरे पुन्हा वाहू लागले. आज तिथे ट्राउट मासे आहेत, आणि त्यांना गार, स्वच्छ पाणीच लागतं.

मग काम संपलं का? नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये इतका पाऊस झाला, की तिथली काही छोटी धरणं फुटली. जमीन पाणी पिते, पण तिचंही पोट भरतं. म्हणून काळजी दरवर्षी घ्यावी लागते.

महाराष्ट्रातल्या आजी-आजोबांना विचारा. त्यांना ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा नक्की माहीत असेल. कून क्रीकच्या शेतकऱ्यांनी तेच केलं!

शब्दार्थ
तास (ते) – नांगराने पडलेली लांब रेघ. घड्याळातला ‘तास’ (तो) वेगळा!
पाणलोट – ज्या जमिनीवरचं पाणी एकाच ओढ्यात येतं, ती सगळी जमीन
मुरणे, जिरणे – जमिनीत आत जाणे
आटणे – पाणी कमी होत संपणे

भाषा
पाणी अडतं → आपण पाणी अडवतो.
पाणी जिरतं → आपण पाणी ______.

प्रश्न
१. वर-खाली नांगरल्यावर पूर का यायचा?
२. पाऊस नसताना ओढ्यात पाणी कुठून येतं?
३. घरी विचारा: तुमच्या गावाकडे उन्हाळ्यात ओढ्याला पाणी असतं का?