मोटरच्या पाटीवरील आकडा कसा वाचावा?



आमच्यातील एका बांधवाने विहिरीसाठी तीन एच.पी.ची मोटर मागितली. घरी आणून पाटी वाचतो तो काय, तीनचा आकडाच नाही! २.२ एवढेच लिहिलेले. दुकानदाराने फसवले असे समजून तो तसाच बाजारात परत गेला आणि चार माणसांसमोर शब्दाला शब्द वाढला. खरे पाहता मोटर तीनचीच होती. पाटीवरचा आकडा किलोवॉटचा होता. एका भल्या माणसावर नाहक आळ आला. असा प्रसंग पुन्हा कोणावर येऊ नये, म्हणून आज हा लहानसा पाठ घेऊ.

एच.पी. म्हणजे अश्वशक्ती. अठराव्या शतकात जेम्स वॉट या स्कॉटिश कारागिराने आपले वाफेचे इंजिन किती घोड्यांचे काम करते हे गिऱ्हाइकांना समजावे म्हणून हे माप ठरवले. तो आपल्याकडे जन्मला असता तर त्याने मोटेचे बैल मोजले असते! पुढे शक्तीच्या दुसऱ्या मापाला त्याचेच नाव मिळाले, ते वॉट. म्हणजे दोन्ही मापे एकाच गोष्टीची. शेर आणि किलो यांसारखीच.

हिशेब असा:

१ एच.पी. = ७४६ वॉट
१,००० वॉट = १ किलोवॉट = सुमारे १.३४ एच.पी.

वॉटचे एच.पी. करायचे तर ७४६ ने भागावे. किलोवॉटचे करायचे तर १.३४ ने गुणावे. ६० वॉट म्हणजे अवघे ०.०८ एच.पी. आणि ३७३ वॉट म्हणजे बरोबर अर्धा एच.पी. नेहमीच्या मोटरींचे आकडे पाठच करून ठेवावेत:

०.३७ किलोवॉट – अर्धा एच.पी.
०.७५ किलोवॉट – १ एच.पी.
१.५ किलोवॉट – २ एच.पी.
२.२ किलोवॉट – ३ एच.पी.
३.७ किलोवॉट – ५ एच.पी.
५.५ किलोवॉट – साडेसात एच.पी.

उलटी चूक अधिक धोक्याची. ३.७ वाचून कोणी मोटर पावणेचार एच.पी.ची समजतो आणि बेताचा स्टार्टर व बारीक केबल जोडतो. मोटर असते पाचची. केबल तापते, वरचे आवरण वितळते आणि जिवावर बेतते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाटीवरील एच.पी. म्हणजे मोटर आपल्या दांड्यावर जे काम देते ते. विजेकडून ती त्याहून जास्त घेते, कारण काही शक्ती उष्णतेत जाते. तीन एच.पी.ची मोटर शंभरातले ऐंशी भाग कामाला लावत असेल, तर पूर्ण भारावर २.२ भागिले ०.८, म्हणजे २.७५ किलोवॉट वीज घेईल. तासाला पावणेतीन युनिट, चार तासांना अकरा.

आता आपल्या विहिरीला किती एच.पी. हवी ते पाहू. दोन गोष्टी मोजाव्या. पहिली पाण्याची: २०० लिटरचे पिंप ४० सेकंदांत भरावे अशी अपेक्षा असेल, तर सेकंदाला ५ लिटर पाणी हवे. दुसरी उंचीची: उन्हाळ्यातील पाण्याच्या पातळीपासून पाइपाच्या तोंडापर्यंतची उभी उंची घ्यावी आणि पाइपातील घर्षणासाठी थोडी भर घालावी. समजा, ६० फूट अधिक १० फूट, मिळून ७० फूट. म्हणजे सुमारे २१ मीटर.

५ × २१ × ९.८ = १,०२९ वॉट
१,०२९ ÷ ७४६ = सुमारे १.४ एच.पी.

हे झाले निव्वळ पाणी उचलण्याचे काम. पंप निम्मी शक्ती वाया घालवतो असे धरले तर दुप्पट, म्हणजे २.८ एच.पी. लागेल. तेव्हा तीनची मोटर पुरे.

शेजाऱ्याने पाचची बसवली म्हणून आपणही पाचची घ्यावी असे नाही. मोठ्या पंपाने विहिरीचे झरे वाढत नाहीत. झरा बारीक असेल तर विहीर लवकर आटते, पंप कोरडा फिरतो आणि खराब होतो. फार लहान मोटर घेतली तर ती भाराखाली तापून वायंडिंग जळते. दोन्हीकडे खर्च आपल्याच माथी.

पाटी वाचताना मेन स्विच बंद करावा आणि हात कोरडे असावेत. आकड्यापुढे एच.पी. आहे की किलोवॉट, ते आधी पाहावे. पैसे देण्यापूर्वी दुकानातच हिशेब करावा, म्हणजे मोटरही बरोबर येईल आणि माणसेही दुरावणार नाहीत.

सरावासाठी: सेकंदाला ३ लिटर पाणी २५ मीटर उंच चढवायचे आहे. पंप निम्मी शक्ती वाया घालवतो. किती एच.पी.ची मोटर घ्याल? (उत्तर: हिशेबाने १.९७, म्हणून निदान २ एच.पी.)