ऊब बेताची, पीळ ऋतूप्रमाणे

डोंबिवली (पूर्व)
जूनअखेर

चि. सोनूस,


घोडबंदर रोडच्या घरात फ्रंट लोड मशीन आलं, आणि किती अंशांवर धुवायचं, किती वेगाने पिळायचं, असं तू फोनवर विचारलंस. फोनवरचं सांगणं विसरायला होतं, म्हणून सविस्तर लिहिते. एक सूत्र आधी पक्कं कर : आपल्या ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात पाणी फार तापवायचं कारण नाही, आणि पिळण्याचा वेग मात्र आभाळाकडे बघून ठरवायचा.

याचं कारण आपल्या हवेत आहे. युरोपात हिवाळ्यात नळाचं पाणी 10 अंशांच्या आसपास उतरतं, म्हणून तिकडे 30 किंवा 40 अंशांना मोल आहे. आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी वर्षातला बराच काळ मुळातच 25 अंशांच्या आगेमागे असतं. म्हणजे तुझ्या मशीनवरचं ‘कोल्ड’ हे बटण आपल्याकडे जवळजवळ कोमट पाण्याचंच आहे. 15 लिटर पाणी 27 वरून 60 अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटहून जास्त वीज जाते, 40 पर्यंत न्यायला पाव युनिटच्या आतच भागतं. शिवाय गरम पाण्याने रंग उतरतो, इलॅस्टिक सैल पडतं, सुती कुर्ता आटतो.

हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1959 मध्ये धुण्याचा हिशेब चार गोष्टींत मांडला : पाण्याची ऊब, साबणाचं रसायन, घुसळण आणि वेळ. यातली एक कमी केली, तर उरलेल्या तिघींनी ती भरून काढायची. म्हणून ऊब कमी केलीस तर वेळ वाढव. लोकलच्या गर्दीत घामेजलेले शर्ट पंधरा मिनिटांच्या ‘क्विक’वर स्वच्छ निघत नाहीत. त्यांना 30 अंशांचा लांब कार्यक्रम दे आणि कॉलरला आधी थोडं लिक्विड चोळून ठेव. चांगल्या डिटर्जंटमधली एन्झाइम्स 30 ते 40 अंशांवर छान काम करतात. फोडणीच्या तेलाचे डाग, स्वयंपाकघरातली फडकी, पायपुसणी यांना 40 अंश लाव.

60 अंश राखून ठेव ते आजारपणासाठी, बाळाच्या लंगोटांसाठी आणि अंथरुणासाठी. घरात कुणाला धुळीची ॲलर्जी असेल, तर चादरी आणि अभ्रे 60 अंशांवरच धू, कारण धुळीतले सूक्ष्म किडे त्या उष्णतेत मरतात. रक्ताचा, दुधाचा, अंड्याचा डाग मात्र आधी गार पाण्यातच काढायचा. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं गोठतात आणि डाग धाग्यात बसतो. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, तेव्हा घाबरू नकोस. धुऊन कपडा कडक उन्हात टाक, डाग फिका पडत जातो.

आता पिळण्याचं. पाणी बाहेर फेकणारं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे मिनिटाला 800 वरून 1400 फेऱ्यांवर गेलास की ते तिप्पट होतं. 5 किलो सुती कपड्यांत 800 वर साधारण साडेतीन लिटर पाणी उरतं, 1400 वर अडीच. मधलं ते एक लिटर एप्रिल-मे महिन्यात गॅलरीतलं ऊन बघता बघता उडवून देतं. जुलैमध्ये हवाच पाण्याने भरलेली असते. कपडे घरात दोरीवर, खिडक्या बंद, आणि ते लिटर तुमच्या खोलीत, भिंतींवर, कपाटात मुरतं. कुबट वास तिथूनच सुरू होतो. मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू ओलसर राहिलेल्या कपड्यांत हा वास निर्माण करतो, असं जपानी संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं आहे. तेव्हा पावसाळ्यात टॉवेल, चादरी, जीन्स यांना 1200 ते 1400 फेरे दे. उन्हाळ्यात रोजच्या सुती कपड्यांना 800 पुरे, इस्त्रीही सोपी जाते. सिंथेटिक कपडे मुळात पाणी कमी धरतात, त्यांना बाराही महिने 600 ते 800. पैठणी आणि रेशमी साड्या मशीनमध्ये घालूच नकोस. रेनकोट आणि सॅकचं कव्हरही पिळायला लावू नकोस. त्यांच्या घड्यांत पाणी अडकून ड्रमचा तोल जातो आणि मशीन जोरात हादरतं.

उन्हाळ्यात तुमच्याकडे टँकर येतात. ते पाणी बोअरवेलचं, म्हणून जड असलं, तर फेस कमी होतो आणि गरम करताच हीटरवर क्षारांचा थर चढतो. अशा दिवसांत तर पाणी तापवणं आणखी कमी कर. महिन्यातून एकदा सायट्रिक ॲसिड घालून रिकामं मशीन 60 अंशांवर चालव, दाराचं रबर पुसून घे आणि दार उघडं ठेव.

फेस होत नाही म्हणून डिटर्जंट ओतत सुटू नकोस. जास्तीचा साबण कपड्यांत राहून अंगाला खाजतो आणि उरलेला गटारातून खाडीत जातो. कल्याण-डोंबिवली ज्या उल्हास नदीचं पाणी पिते, तिच्यावर जलपर्णीचा हिरवा थर पसरतो, तो सांडपाण्यावरच पोसलेला असतो. त्यात आपल्या घराची भर कमीत कमी असावी, असं मला मनापासून वाटतं.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. 1400 फेऱ्यांवर पिळलेले कपडेसुद्धा रात्रभर ड्रममध्ये राहिले तर वास मारणारच. तुम्ही दोघंही लोकलने ये-जा करता, म्हणून ‘डिले’चं बटण असं लाव की घरी पोचायच्या सुमाराला धुणं संपेल. मग तुमच्यापैकी जो आधी घरी येईल, त्याने चहाच्याही आधी कपडे काढून, झटकून, मोकळे वाळत घालावेत. हे काम सूनबाईचं म्हणून सोडून देऊ नकोस.

तुझी,
मावशी